पूर येतो नदीला, मग दोष पूरग्रस्तांना का दिला जातो? पैनगंगेच्या काठापासून किल्लारीपर्यंत, समजून घेऊया

पुराचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर येतो. गुडघाभर पाण्यात उभं सोयाबीन, छपरापर्यंत बुडालेलं घर, दोरीला धरून बाहेर काढली जाणारी म्हातारी. पहिल्या दोन दिवसांत सगळीकडून हळहळ व्यक्त होते. तिसऱ्या दिवसापासून सूर बदलतो. "नदीच्या काठावर घर बांधायचंच कशाला?" "पीक विमा का नाही काढला?" "आधी सांगितलं होतं ना, मग गाव का सोडलं नाही?" "दरवर्षीचंच आहे यांचं, मदत मिळते म्हणून."

हे प्रश्न विचारणारी माणसं वाईट असतात असं नाही. त्यातले काही प्रश्न तर खरंच महत्त्वाचे आहेत. फक्त ते चुकीच्या माणसाला विचारले जातात आणि विचारणारा उत्तर ऐकायला थांबत नाही. म्हणून आज हेच प्रश्न एकेक करून घेऊया. त्यासाठी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपेक्षा चांगली जागा सापडणार नाही. कारण पूर, अतिवृष्टी, दुष्काळ आणि भूकंप या चारही गोष्टी इथल्या लोकांनी पाहिल्या आहेत.

पहिला प्रश्न : नदीकाठी राहतातच कशाला?

हिमायतनगर. जुन्या माणसांच्या तोंडी आजही वाढोणा. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात, पैनगंगेच्या अलीकडच्या बाजूचा तालुका. नदी ओलांडली की यवतमाळचा उमरखेड तालुका, म्हणजे विदर्भ. पळसपूर, डोल्हारी, सिरपल्ली अशी या पट्ट्यातली गावं पावसाळ्यात पैनगंगेवर डोळा ठेवूनच जगतात. शिवारात काळी, भारी जमीन. सोयाबीन, कापूस, तूर, हळद ही इथली पिकं.

आता ही जमीन काळी आणि भारी का आहे? कारण नदीनं शेकडो वर्षं गाळ आणून टाकला. ज्या पाण्यानं जमीन सुपीक केली, तेच पाणी अधूनमधून ती बुडवतं. गावं तिथे वसली ती पिण्याच्या पाण्यासाठी, गुरांसाठी, शेतीसाठी. त्या काळी नळयोजना नव्हत्या. नदीपासून लांब गाव वसवणं हाच तेव्हा वेडेपणा ठरला असता.

आणि काठावरच्या लोकांना पूर नवा नव्हता. पाणी कुठल्या झाडापर्यंत येतं, कुठल्या पायरीला लागलं की सामान हलवायचं, याचं गणित पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं. हे गणित बिघडलं ते नदीवर धरणं झाल्यावर. हिमायतनगरच्या वरच्या बाजूला पैनगंगेवर ईसापूर धरण आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं हे मुख्य धरण. त्याच्या पाण्यावर नांदेड, हिंगोली, यवतमाळमधली शेती भिजते, हा फायदा खरा. पण धरण भरलेलं असताना वर मोठा पाऊस झाला की दरवाजे उघडावे लागतात. शिवाय हिंगोलीकडून येणारी कयाधू खाली पैनगंगेला मिळते, आणि तिचं पाणी ईसापूरच्या दरवाजांच्या ताब्यात नाही. दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी आलं की नदीला फुगवटा येतो. मग गावचे ओढे आणि नाले नदीत रिकामे होऊ शकत नाहीत. त्यांचं पाणी उलटं शिवारात पसरतं. म्हणजे ज्याचं शेत नदीपासून एक-दोन किलोमीटर लांब आहे, तोही बुडतो.

पूर येणारी जागा कोणती, हे ठरवायची पद्धत सरकारकडे आहे. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, असा साधारण नियम. आता एक साधी गोष्ट करून बघा. तुमच्या गावाची, तुमच्या प्रभागाची निळी रेषा कुठून जाते, हे तुम्हाला माहीत आहे का? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तिचा नकाशा लावलेला पाहिला आहे का? जी रेषा शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या माणसाला माहीत नाही, ती ओलांडली म्हणून शेतमजुराला दोष कसा द्यायचा?

दुसरा प्रश्न : आधी माहीत होतं, मग गाव का सोडलं नाही?

ऑगस्ट २०२५. १७ तारखेची रात्र आणि १८ तारखेची पहाट. नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडी धरणाच्या पाणलोट क्षेत्रात २०६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा किती मोठा आहे? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात. हा त्याच्या तिपटीहून जास्त. जिल्ह्यात वर्षभरात जेवढा पाऊस होतो, त्यातला जवळपास पाव हिस्सा एका रात्रीत.

रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यानं वेढली. हसनाळमध्ये माणसांचे जीव गेले. जनावरं दावणीलाच बुडाली. बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं.

लेंडी हा महाराष्ट्र आणि तेलंगणाचा संयुक्त प्रकल्प. कित्येक दशकं रखडलेला. बुडीत क्षेत्रातल्या गावांचं पुनर्वसन हा त्यातला सगळ्यात जुना वाद. पुनर्वसन पूर्ण व्हायच्या आधी घळभरणी केली, म्हणजे नदीचा मोकळा मार्ग बंद केला, असा गावकऱ्यांचा आरोप होता.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, धरणात गाव जाणार हे इतकी वर्षं माहीत होतं, मग हे लोक तिथे काय करत होते? उत्तर अवघड नाही. गाव सोडून जायचं म्हणजे कुठे जायचं? नवीन गावठाणात प्लॉट हवा, प्लॉटवर घर हवं, घराला वीज आणि पाणी हवं, पोरांना शाळा हवी, गुरांना गोठा हवा. यातलं अर्धं मिळालं असेल तर माणूस अर्धाच जाऊ शकतो. म्हणजे जातच नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात यासाठी स्पष्ट तत्त्व घातलं आहे. सिंचन प्रकल्पासाठी जमीन घेतली असेल, तर ती पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे. जुन्या प्रकल्पांना हा कायदा जसाच्या तसा लागू होतो का, यावर वकील वाद घालतील. पण तत्त्व कुणालाही पटेल असं आहे. आधी माणसं हलवा, मग पाणी आणा. त्यामुळे "गाव का सोडलं नाही?" या प्रश्नाआधी "जायला जागा तयार होती का?" हा प्रश्न येतो.

तिसरा प्रश्न : विमा का नाही काढला? आणि मदत मिळतेच की!

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर आकड्यांत आहे.

राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा मिळत होता. त्यात गैरप्रकार झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२५ च्या खरिपात ती योजना बंद झाली. तेव्हापासून बहुतेक खरीप पिकांसाठी शेतकऱ्यानं विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरायचा. पण त्याहून मोठा बदल दुसराच आहे. आधी स्थानिक आपत्ती, हंगामाच्या मध्यातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान अशा वेगवेगळ्या कारणांसाठी भरपाई मिळायची सोय होती. ती काढून टाकली. तेव्हापासून भरपाई ठरू लागली पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातल्या सरासरी उत्पन्नावर.

याचा अर्थ काय? समजा तुमचं शेत नदीकाठी आहे आणि ते पूर्ण खरडून गेलं. पण त्याच मंडळात माळावरच्या शेतांत पीक बऱ्यापैकी आलं. मग मंडळाची सरासरी फार खाली जाणार नाही. तुमच्या हातात शून्य पीक, आणि सरासरीनुसार नुकसान थोडंच. विमा काढलेला असूनही. तेव्हा "विमा का नाही काढला?" असं विचारण्याआधी, काढला असता तर किती मिळालं असतं, हे बघायला हवं.

आता सरकारी मदत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२५ मधल्या निकषांनुसार कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये. तेही नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच. ८,५०० रुपये हेक्टरी म्हणजे एकरी साधारण ३,४०० रुपये. सोयाबीनच्या बियाण्याची एक बॅग आणि डीएपीची एक बॅग, एवढ्यात हा आकडा संपतो. नांगरणी, पेरणी, फवारणी, खुरपणी, मजुरी यातलं काहीच त्यात बसत नाही. "मदत मिळते म्हणून दरवर्षी बुडतात" हे वाक्य या आकड्यासमोर ठेवून बघा. एकरी ३,४०० रुपयांसाठी कुणी आपलं उभं पीक बुडू देईल का?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुन्हा मोठे पूर आले. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, जालना आणि शेजारचा सोलापूर, सगळीकडे शेतं पाण्याखाली गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि मनरेगातून ३ लाख रुपयांपर्यंतची कामं अशी तरतूद होती. मदत वाढली, हे मान्य करायला हवं. पण माती खरडून गेली म्हणजे एक हंगाम गेला असं नसतं. वरचा सुपीक थर परत तयार व्हायला वर्षं लागतात. बाहेरून गाळ आणून टाकायचा तर ट्रॅक्टरच्या खेपा मोजाव्या लागतात.

आणि याच ऑक्टोबरमध्ये, शेतं अजून पुरती वाळलेलीही नसताना, राज्याचे सहकार मंत्री बाबासाहेब पाटील यांनी लोकांना कर्जमाफीचा नाद लागला आहे, अशा आशयाचं विधान केलं. पाटील स्वतः लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरचे आमदार. टीका झाल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण दोष देण्याची सवय फक्त लांबच्या शहरी माणसालाच असते, हा समज यानं खोटा ठरतो. ती आपल्यातच, आपल्या जिल्ह्यातच असते.

पण माणसं असा दोष देतातच का?

मेल्विन लर्नर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९६६ मध्ये त्यांनी आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं. एक तरुणी प्रश्नांची उत्तरं देते आहे आणि उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसतो आहे. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.

काही विद्यार्थिनींना सांगितलं, तुम्ही हे थांबवू शकता आणि तिला झटक्यांऐवजी बक्षीस मिळेल अशी सोय करू शकता. त्यांचं त्या तरुणीविषयीचं मत फारसं वाईट झालं नाही. पण ज्यांना काहीच करता येत नव्हतं, फक्त बघत बसायचं होतं, त्यांनी त्याच तरुणीला जास्त नावं ठेवली. तिचा छळ जेवढा लांबणार असं वाटलं, तेवढं तिच्याविषयीचं मत खराब झालं.

लर्नर यांचं म्हणणं असं की, जग न्यायी आहे, चांगल्याचं चांगलं आणि वाईटाचं वाईट होतं, असा आपल्याला विश्वास हवा असतो. निर्दोष माणसाचे हाल बघितले की त्या विश्वासाला तडा जातो. मदत करता आली तर आपण मदत करून तो तडा बुजवतो. मदत करता येत नसेल तर दुसरा सोपा रस्ता उरतो : त्याचीच काहीतरी चूक असणार.

आता हे मोबाइलवर लावून बघा. दिवसभरात आपण पूर बघतो, दरड बघतो, अपघात बघतो. बहुतेक वेळा आपण काहीच करू शकत नाही. म्हणजे आपण कायम त्या दुसऱ्या गटात बसलेले असतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सूर बदलतो, याचं कारण मन दगडाचं होतं असं नाही. असहायता सहन होत नाही, हे खरं कारण. आणि आणखी एक फायदा मिळतो. "त्यांनी चूक केली म्हणून त्यांच्यावर वेळ आली, मी ती चूक करत नाही, म्हणजे मी सुरक्षित." ही समजूत झोप चांगली लावते. पण ती खोटी आहे.

किल्लारीनं हे आधीच शिकवलं होतं

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली.

तेव्हाही विचारलं गेलं, असली दगड-मातीची घरं बांधायचीच कशाला? भिंती दीड-दोन हात जाडीच्या, मातीत रचलेले गोल दगड, वर लाकडावर मातीचं जड माळवद. भूकंपात तेच अंगावर आलं. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण तीच जाड भिंत मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवत होती आणि दगड शेतातच मिळत होता. माळवद गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची, असं दरवर्षी केल्यानं वजन वाढत गेलं. उलट कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्यांतली गरीब माणसं तुलनेनं वाचली. म्हणजे "चांगलं" घर असणं हाच त्या रात्री धोका ठरला.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. हा भाग तोपर्यंत देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ पासून किल्लारीला धक्के जाणवत होते. लोक घाबरले, तक्रारी झाल्या, काही दिवस बाहेर झोपले. मग घरी परतले. नकाशा सांगत होता धोका नाही. नकाशा बदलला नंतर, आणि लातूरचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. जे शास्त्राला कळलं नव्हतं, ते किल्लारीच्या शेतकऱ्याला का कळलं नाही, असं विचारणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोडवण्यासारखं आहे.

हा वाद आणखी जुना आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं महात्मा गांधींनी म्हटलं. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की, निसर्गाच्या घटनेला नीतीशी जोडलं तर देशातली अविवेकी वृत्ती वाढेल. गांधींनी टागोरांचं निवेदन 'हरिजन'मध्ये छापलं आणि शेजारी आपलं उत्तरही छापलं. गांधींचं बोट सगळ्या समाजाकडे होतं, केवळ मेलेल्यांकडे नव्हतं. ते स्वतः बिहारमध्ये जाऊन फिरलेही. पण शिक्षेची भाषा आली की ज्याच्यावर छप्पर पडलं तोच गुन्हेगार दिसायला लागतो. टागोरांची शंका आजही लागू पडते, फक्त आज "पाप" या शब्दाच्या जागी "निष्काळजीपणा" हा शब्द आला आहे.

मग पूरग्रस्तांची चूक कधीच नसते का?

असते. नाल्यावर अतिक्रमण होतं, बांध फोडले जातात, शेतात जाण्यासाठी ओढ्याचं पात्र बुजवलं जातं, पूल पाण्याखाली असताना मोटारसायकल घातली जाते. हे बोललंच पाहिजे. करुणा म्हणजे प्रश्न न विचारणं नव्हे.

फरक दोन गोष्टींत आहे. एक, वेळ. पाणी घरात असताना विचारलेला प्रश्न माणसाला आणखी बुडवतो. तोच प्रश्न फेब्रुवारीत ग्रामसभेत विचारला तर नाला मोकळा होऊ शकतो. दोन, ताकद. ज्याच्या हातात जास्त ठरवण्याची ताकद होती, त्याला जास्त प्रश्न. दरवाजे कधी उघडायचे, घळभरणी कधी करायची, पूररेषा आखायची की नाही, पंचनामे किती दिवसांत करायचे, हे दोन एकरवाला शेतकरी ठरवत नाही. त्याला दोष दिला की ज्यांनी हे ठरवलं ते आपोआप सुटतात. पूरग्रस्ताला दोष देण्याचं खरं नुकसान हे आहे.

आणि नुसती दयाही पुरत नाही. मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिले. त्यात घेणारा कायम खालीच राहतो. किल्लारीनंतर याच्या उलट काम झालं. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. घर कसं दुरुस्त करायचं, पैसे कुठल्या टप्प्याला मिळतात, बांधकाम नीट होतंय का, हे त्या बघत होत्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिकडच्या बायकांना सांगायला गेल्या की यातून उभं कसं राहायचं.

पुढच्या वेळी काय करता येईल?

पुराचा पुढचा व्हिडिओ येईलच. तेव्हा बोटांवर येणारा प्रश्न थोडा बदलून बघा.

- "का राहिले तिथे?" याऐवजी : इशारा किती वाजता मिळाला आणि कुणी दिला?
- "गाव का सोडलं नाही?" याऐवजी : नवीन गावठाण तयार होतं का?
- "विमा का नाही काढला?" याऐवजी : विमा काढलेल्यांना किती मिळाले?
- "एवढी मदत जाते कुठे?" याऐवजी : पंचनामा कधी झाला आणि पैसे खात्यात कधी आले?

हे प्रश्न तहसील कार्यालयाला विचारता येतात, आमदाराला विचारता येतात, माहिती अधिकारात विचारता येतात. त्यांची उत्तरं मिळवणं हीही मदतच आहे. आणि लर्नर यांच्या प्रयोगात दिसलं तसं, हातात करायला काहीतरी असलं की आपणही समोरच्याला नावं ठेवायचं सोडतो.